कृत्रिम पाऊस : आभाळातला आणि कागदावरचा

मृग बरसला नाही, आर्द्रा कोरड्या गेल्या, पुनर्वसूच्या 'तरण्या' पावसानेही दगा दिला आणि पुष्याच्या 'म्हाताऱ्या'ची वाट पाहण्याइतका धीर उरला नाही, की महाराष्ट्राच्या सार्वजनिक जीवनात एक मागणी हमखास पुढे येते : सरकारने कृत्रिम पाऊस पाडावा. ही मागणी करण्यात विरोधी पक्ष मागे नसतात आणि सत्ताधारी आमदारही मागे राहत नाहीत. मग निविदा निघते, विमान येते, रडार उभे राहते, पहिल्या उड्डाणाची छायाचित्रे प्रसिद्ध होतात. 2003 साली हे घडले, 2015 साली मराठवाड्यात घडले आणि 2019 साली तर त्यासाठी सुमारे 30 कोटी रुपयांची तरतूद मंजूर झाली. त्यानंतर एखाद्या तालुक्यात सर पडली, तर ती विमानाच्या खात्यावर जमा होते. न पडली, तर ढगच नव्हते असे सांगितले जाते. ज्या उद्योगात नफा नेहमी व्यवस्थापनाचा आणि तोटा नेहमी दैवाचा असतो, त्या उद्योगाचे हिशेब जरा बारकाईने तपासावेत, असे कोणत्याही करदात्याला वाटणे स्वाभाविक आहे.

मागणी करणाऱ्या शेतकऱ्याला येथे दोष देण्याचे कारण नाही. दुबार पेरणीचे बियाणे कर्जाने आणलेला माणूस आभाळाकडे पाहणार आणि आभाळाचे काही होत नसेल तर सरकारकडे पाहणार. घोटाळा आहे तो 'पाऊस पाडणे' या शब्दप्रयोगात. बीजारोपण करणारे विमान पाण्याचा एक थेंबही बरोबर नेत नाही. हवेतील बाष्प त्याने वाढत नाही, ढगही निर्माण होत नाही. ढगात आधीच जमा असलेल्या पाण्याची थेंबाथेंबांमधील वाटणी बदलून पाहणे, एवढीच त्याची मर्यादित कामगिरी. तेव्हा खरा प्रश्न असा की, ही वाटणी खरोखर बदलते काय, कोणत्या ढगात बदलते आणि त्यासाठी किती दाम मोजावे लागतात.

महाराष्ट्राच्या पठारावर मोसमी पावसाच्या दिवसांत तापमान शून्य अंशावर उतरते ते जमिनीपासून सुमारे 5 किलोमीटर उंचीवर. ज्या ढगांचा माथा या पातळीच्या खालीच राहतो, त्यांना उष्ण मेघ म्हणतात. उष्ण म्हणजे तापलेले नव्हे; त्यांत बर्फ नसतो एवढाच या विशेषणाचा अर्थ. कृत्रिम पावसाचा विषय निघाला की सिल्व्हर आयोडाइडचे नाव अनेकांच्या ओठावर येते. पण 1946 साली अमेरिकेत शेफर यांनी घन कार्बन डायऑक्साइड वापरून जो प्रयोग केला आणि व्हॉनेगट यांनी लगोलग सिल्व्हर आयोडाइडचा जो गुण शोधून काढला, तो शून्याखाली जाऊनही न गोठलेल्या थेंबांना गोठवण्याचा होता. उष्ण मेघात गोठण्याजोगे काही नसतेच. तेथे दुसरी युक्ती लागते, आणि ती युक्ती आपल्या स्वयंपाकघरातील मिठाच्या बरणीत आहे.

ढगातील पाणी हवेत तरंगते कसे, हे आधी पाहिले पाहिजे. हवेतील बाष्प आपोआप थेंब होत नाही. त्याला बसायला कण लागतो. मग तो धुळीचा असो, धुराचा असो की समुद्राच्या फवाऱ्यातील मिठाचा असो. अशा कणांभोवती सांद्रीभवन होऊन जो मेघबिंदू बनतो, त्याचा व्यास साधारण 20 मायक्रॉन, म्हणजे माणसाच्या केसाच्या जाडीचा एक लहानसा अंश. तो सेकंदाला जेमतेम एक सेंटिमीटर या वेगाने खाली येतो आणि वर चढणारी हवा त्याला सहज तोलून धरते. जमिनीवर पडणारा पावसाचा थेंब 2 मिलिमीटर व्यासाचा धरला, तर त्यात असे 10 लाख मेघबिंदू एकवटलेले असतात. केवळ बाष्प बसून बसून एवढा थेंब व्हायचा तर दिवसच्या दिवस लागतील आणि ढगाचे आयुष्य तर अर्ध्यापाऊण तासाचे. म्हणून उष्ण मेघात पाऊस होतो तो टकरींनी. मोठा बिंदू लहानांपेक्षा वेगाने पडतो, वाटेतल्या लहानांना गाठतो, पोटात घेतो, अधिक मोठा होतो आणि अधिक वेगाने पडतो. ही साखळी सुरू होण्यास निदान काही बिंदूंचा व्यास 40 मायक्रॉनच्या आसपास जावा लागतो. त्याखाली टकरी क्वचितच होतात. लहान बिंदू हवेच्या प्रवाहाबरोबर बाजूला सरकतात आणि एकमेकांना चुकवून निघून जातात.

आता वाटणीचा हिशेब. एक घनमीटर ढगात 1 ग्रॅम पाणी आहे असे समजू. हे पाणी दर घन सेंटिमीटरमध्ये 100 बिंदूंत समान वाटले, तर प्रत्येकाचा व्यास सुमारे 27 मायक्रॉन भरतो. तेच 1,000 बिंदूंत वाटले, तर व्यास साडेबारा मायक्रॉनच्या आत येतो. समुद्रावरच्या स्वच्छ हवेतील ढग पहिल्या प्रकारच्या जवळ असतात, जमिनीवरच्या धुळकट व धुरकट हवेतील ढग दुसऱ्या प्रकारच्या. पाणी तेच, खाणारी तोंडे दहापट. पुष्कळदा पठारावरचा ढग डोळ्यांना काळाभोर दिसतो, माथ्यावरून निघून जातो आणि मागे चार थेंबही सोडत नाही, त्याचे एक कारण या भागाकारात आहे.

अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याला येथे थोडे ओशाळल्यासारखे व्हावे. समान वाटणी हा जमिनीवर आदर्श असेल. ढगात मात्र ती वांझ ठरते. सर्व बिंदू एकाच आकाराचे असले तर सर्व एकाच वेगाने पडतात, कोणी कोणाला गाठत नाही आणि टकरी होत नाहीत. शिवाय सांद्रीभवनाचा स्वभावच असा की लहान बिंदूचा व्यास भराभर वाढतो आणि मोठ्याचा सावकाश, त्यामुळे काळ जाईल तसे सगळे एकमेकांसारखे होऊ लागतात. या साम्यावस्थेत कोठून तरी थोडी विषमता आली पाहिजे. लाखांत एखादा धनवान बिंदू निपजला तरी पुरे.

मिठाचे काम ते हेच. मीठ ओलावा खेचून घेते, हे पावसाळ्यात ओलसर झालेल्या प्रत्येक बरणीने शिकवलेले आहे. 10 मायक्रॉन व्यासाचा मिठाचा कण ढगाच्या तळाशी सोडला, तर तो आजूबाजूच्या बिंदूंच्या आधी आणि त्यांच्यापेक्षा अधिक पाणी ओढून घेतो आणि टकरींच्या उंबरठ्यावर लवकर पोहोचतो. अशा एका कणाचे वजन ग्रॅमचा अब्जावा भाग. म्हणजे एक किलो मिठात सुमारे 900 अब्ज कण होतात आणि ते एक घन किलोमीटर ढगात सारखे पसरले, तर दर लिटर हवेत जवळपास एक कण येतो. त्याच लिटरात साधे मेघबिंदू एक लाखापासून दहा लाखांपर्यंत असतात. पावसाच्या एका थेंबाला दहा लाख बिंदू लागतात हे लक्षात घेतले, तर लिटरमागे एक कण हे प्रमाण अपुरे नाही, हे दिसून येईल. गणित मोहक आहे. किलोभर मिठाने ढग फुटत असेल तर याहून स्वस्त सिंचन कोणते, असा विचार कोणाच्याही मनात येईल.

परंतु कणांचा आकार जरा चुकला की हेच गणित उलटते. याच मिठाचे अतिसूक्ष्म कण फार मोठ्या संख्येने सोडले, तर प्रत्येक कण स्वतंत्र बिंदू होऊन बसतो, पाण्याच्या वाटेकऱ्यांत भर पडते आणि बिंदू मोठे होण्याऐवजी आणखी लहान होतात. बीजारोपणाने पाऊस वाढण्याऐवजी लांबण्याचा धोका तो हा. याउलट मध्यम आकाराचे कण दुसरेही एक काम करतात. ते आधी ओलावा घेऊन अतिसंपृक्तता कमी करतात, त्यामुळे नैसर्गिक बारीक कणांना बिंदू होण्याची संधीच मिळत नाही आणि एकंदर बिंदू कमी पण मोठे राहतात. 1990 नंतर दक्षिण आफ्रिकेत मेथर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी विमानाला लावलेल्या ज्वालाकांड्यांतून मिठाचे बारीक कण सोडण्याची जी पद्धत रूढ केली, तिच्यामागे मुख्यतः हा विचार होता. या कल्पनेचा उगम मोठा बोधक आहे : नेल्स्प्रूट गावाजवळील एका कागद गिरणीच्या धुराड्यावर आलेला मेघ आसपासच्या मेघांपेक्षा वेगळा वागतो, असे त्यांच्या ध्यानात आले होते. मोठे कण थोडे, की बारीक कण पुष्कळ, हा वाद शास्त्रज्ञांत पूर्णपणे मिटलेला नाही.

या विषयात महाराष्ट्राचा स्वतःचा असा एक मोठा प्रयोग आहे आणि त्याची आठवण सभागृहातील चर्चेत क्वचितच निघते. 1972 च्या दुष्काळाचे चटके ताजे असताना, 1973 साली पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय मौसमविज्ञान संस्थेने बारामतीच्या परिसरात उष्ण मेघांवर बीजारोपण सुरू केले. प्रदेशाची निवड यथार्थ होती. महाबळेश्वरला वर्षाकाठी 5,000 मिलिमीटरहून अधिक पाऊस कोसळतो आणि सह्याद्री ओलांडून बारामतीकडे यावे तो 500 च्या आसपास उतरतो. ढग येतात, पण रिते न होता पुढे जातात. 1973, 1974, 1976 आणि पुढे 1979 ते 1986 असे एकूण 11 मोसम हा प्रयोग चालला. शंखजिऱ्याची पूड मिसळलेले बारीक मीठ विमानातून ढगाच्या तळाच्या थोडे वर सोडले जाई. शंखजिरे अशासाठी की मीठ गोळा होऊन बसू नये.

मिठापेक्षाही महत्त्वाची होती ती प्रयोगाची मांडणी. उत्तर आणि दक्षिण असे दोन विभाग आखलेले होते आणि दोहोंमध्ये एक तटस्थ पट्टा सोडलेला होता. कोणत्या दिवशी कोणत्या विभागावर मीठ टाकायचे, हे वैमानिकाच्या वा शास्त्रज्ञाच्या मर्जीवर सोपवलेले नव्हते. ते यदृच्छ निवडीने, म्हणजे नाणेफेकीसारख्या पद्धतीने ठरे. मोसमी पाऊस मुळातच इतका लहरी की एका गावात दोन इंच आणि शेजारच्या गावात कोरडे, हे विमानाविनाही घडते. माणसाने स्वतः ढग निवडला, तर तो भरलेला ढगच निवडणार आणि मग त्याच्या पावसाचे श्रेय स्वतःकडे घेणार. नाणेफेक हा मोह होऊ देत नाही.

11 मोसमांचा निष्कर्ष असा निघाला की बीजारोपणाने पाऊस सरासरी 24 टक्क्यांनी वाढला. आणि मिठाचा काहीच परिणाम नसताना निव्वळ योगायोगाने एवढा फरक दिसण्याची शक्यता शंभरात चार. ढगांत शिरून घेतलेल्या मोजमापांतही मोठ्या बिंदूंचे प्रमाण वाढल्याचे आढळले. पण या निष्कर्षाला एक उपकलम आहे आणि राज्यकर्त्यांनी पाठ करावे ते नेमके तेच. ज्या ढगांची जाडी एक किलोमीटरहून अधिक होती आणि ज्यांत दर घनमीटरला अर्ध्या ग्रॅमहून अधिक पाणी होते, त्यांतच पाऊस वाढला. याहून पातळ, कमी पाण्याच्या ढगांवर मीठ टाकले तेव्हा ते विरून जाण्याकडेच कल दिसला.

म्हणजे ज्याच्या गाठीला काही आहे, त्यालाच हे बीज फळते. अवर्षणाच्या वर्षी, पाऊस दोन-तीन आठवडे उघडीप देतो तेव्हा, आभाळात दिसतात ते बहुधा उथळ, चुकार ढग. नेमक्या त्याच वेळी लोकांचा दबाव शिगेला पोहोचलेला असतो आणि नेमक्या त्याच ढगांवर विमान सोडले जाते. बीजारोपणाला अनुकूल ढग भरपूर असतात ते बऱ्या पावसाच्या आठवड्यांत. पण तेव्हा ही मागणी कोणी करीत नाही. रोगी शुद्धीवर असताना औषध द्यायचे नाही आणि नाडी मंदावली की वैद्याला बोलवायचे, असा हा प्रकार होय.

बारामतीनंतर या संस्थेने 2009 पासून विमाने आणि आधुनिक उपकरणे घेऊन देशभरच्या ढगांची पाहणी केली. हवेतील सूक्ष्म कण जितके अधिक, तितके बिंदू लहान आणि पाऊस सुरू होण्यासाठी ढगाला तितके अधिक उंच वाढावे लागते, ही गोष्ट तीत मोजमापांनिशी पुढे आली. वाहनांचा धूर, वीजकेंद्रांचा धूर, जाळलेला पालापाचोळा हे सगळे एक प्रकारचे बीजारोपणच आहे. फक्त उलट्या दिशेचे, फुकटातले आणि बारमाही. एकीकडे हे चालू ठेवून दुसरीकडे विमानाने मीठ पेरणे म्हणजे रांजणाचे भोक न बुजवता पाणी भरत राहणे.

याच कार्यक्रमाचा पुढचा टप्पा 2018 आणि 2019 च्या पावसाळ्यात सोलापुरात झाला. 276 मेघांचा अभ्यास झाला. काहींवर बीजारोपण केले, काही मुद्दाम सोडून दिले. 2023 साली प्रसिद्ध झालेल्या अहवालानुसार काही ठिकाणी पाऊस 46 टक्क्यांपर्यंत वाढला आणि वाऱ्याच्या दिशेकडील 100 चौरस किलोमीटर क्षेत्रात सरासरी वाढ 18 टक्के आली. शास्त्रज्ञांनी तेथेही हात राखूनच विधान केले आहे. योग्य रीतीने बीजारोपण केले तरी राशिमेघांपैकी 20 ते 25 टक्केच पाऊस देतात, असे त्यांचे म्हणणे. वृत्तपत्रांच्या मथळ्यांत 18 टक्के आले. हे दुसरे वाक्य बहुतेकांच्या नजरेतून निसटले.

याच प्रयोगाच्या आधारे पाण्याची किंमत लिटरला सुमारे 18 पैसे सांगितली गेली. देशी विमान वापरल्यास ती निम्म्याहून खाली येईल, असेही सांगण्यात आले. 18 पैसे ही रक्कम कानाला क्षुल्लक वाटते, म्हणून ती शेताच्या भाषेत मांडून पाहावी. एक हेक्टर रानावर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे 10,000 लिटर पाणी. त्याची किंमत झाली 1,800 रुपये. ज्वारीला एक चांगले पाणी म्हणून 50 मिलिमीटर धरले, तर हेक्टरी 5 लाख लिटर आणि किंमत 90,000 रुपये. ज्वारीचे कोणते पीक हा बोजा सोसेल? किंमत निम्मी झाली तरी सोसणार नाही. हे पाणी पिण्यासाठी घेतले तर हिशेब थोडा बरा दिसतो. पण पाऊस टँकरसारखा दारात येत नाही. तो माळावर, रस्त्यावर, कारखान्यांच्या पत्र्यांवर सारखाच पडतो, त्यातला पुष्कळसा जमिनीत मुरतो वा उडून जातो आणि तलावात पोहोचतो तो उरलेला अंश. त्या अंशावर भागाकार केला की 18 पैशांचे किती होतात, हे ज्याने त्याने करून पाहावे. सोलापूर हा साखर कारखान्यांची दाटी असलेला जिल्हा आहे, हेही अशा वेळी नजरेआड करता येत नाही. उसाच्या मुळाशी अमाप पाणी सोडायचे आणि थेंबांसाठी आभाळ ढवळायचे, ही विसंगती कोणत्याही रडारवर दिसत नाही.

1972 च्या दुष्काळाने राज्याला दोन गोष्टी दिल्या. एक बारामतीचा प्रयोग आणि दुसरी रोजगार हमी योजना, जिला 1977 साली कायद्याचे रूप मिळाले. दुसरीतून पाझर तलाव झाले, नालाबंडिंग झाले; त्यांत काही खोटी कामे झाली हे मान्य, पण पडलेला पाऊस अडवण्याची सोय तरी उभी राहिली. बारामतीच्या शेजारच्या पुरंदर तालुक्यात विलासराव साळुंखे यांच्या पाणी पंचायतीने पाणी जमिनीच्या एकरांवर न वाटता घरातल्या माणसांच्या संख्येवर वाटले आणि उसाला मज्जाव केला. ढगातल्या वाटणीपेक्षा जमिनीवरच्या वाटणीला हात घालणे राजकीयदृष्ट्या फार महाग पडते. म्हणून तर विमान लोकप्रिय आहे. विमान कोणाचे पाणी काढून घेत नाही, कोणाच्या उसाला हात लावीत नाही आणि सर्वांना दिसते.

याचा अर्थ बीजारोपण बासनात बांधावे असा नव्हे. पर्जन्यछायेतल्या प्रदेशाला 18 टक्के अधिक पाऊस खरोखरच मिळत असेल, तर तो टाकून देण्याजोगा खास नाही. पण ते दुष्काळनिवारणाच्या शीर्षाखाली ऑगस्टमध्ये धावतपळत करण्याचे काम नाही. ते करायचे तर दरवर्षी, जूनपासून, ढग भरलेले असताना करावे लागेल आणि त्या पाण्याला साठवण्याची जागा आधी तयार असावी लागेल. विमानावर बिंदूंचा आकार मोजणारी उपकरणे हवीत. मीठ टाकण्यापूर्वीचे आणि नंतरचे आकडे, तसेच खाली गावोगावच्या पर्जन्यमापकांच्या नोंदी मोसम संपताच जाहीर झाल्या पाहिजेत. कंत्राटदाराला पैसे द्यायचे ते उड्डाणांच्या तासांवर की दाखवलेल्या फरकावर, हाही प्रश्न वित्त विभागाने एकदा विचारावा.

आणि निविदेत नाणेफेकीचे एक कलम असावे. त्याला लगेच आक्षेप येईल की लोक तहानलेले असताना भरला ढग मुद्दाम सोडून द्यायचा, हे कोणत्या लोकप्रतिनिधीला आपल्या मतदारसंघात सांगता येईल? आक्षेप पोकळ नाही. ज्या तालुक्यावर मीठ पडले नाही, तेथले लोक मोर्चा काढतील, हे उघड आहे. परंतु बारामतीच्या मांडणीत दोन्ही विभागांची पाळी येत असे. आज उत्तर, उद्या दक्षिण. सार्वजनिक पैशातून चालणाऱ्या कार्यक्रमातही दोन शेजारी तालुके असे पाळीने घेता येतील. रोज दोन्हीकडे विमान फिरवले, तर मात्र एका तालुक्याच्या सरीत विमानाचा वाटा किती आणि मघा नक्षत्राचा किती, हे 30 कोटी खर्चूनही कोणाला सांगता येणार नाही.